बसायला आलेली बाई

माणूस माणसाशी खरंच बोलला हे सिद्ध करायला एक दिवस यंत्र लागेल, असं मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी ते हसण्यावारी नेलं असतं. आता ते यंत्र रोज माझ्या मनगटावर असतं आणि त्यानं हिरवा दिवा दाखवला नाही, तर माझी दिवसभराची मेहनत पाण्यात जाते.

आमचं केंद्र नागपुरात आहे. लोकांच्या घरी जायचं, निवांत बोलायचं, त्यांचं जगणं त्यांच्याच शब्दांत समजून घ्यायचं, हा आमचा धंदा. किती टक्के आणि किती लाख हे दुसरे लोक मोजतात. आम्ही 'मग तुम्हाला काय वाटलं?' असं विचारणारे. काही वर्षांपूर्वी या धंद्यावर संकट आलं. बोलकी यंत्रं इतकी तयार झाली, की ऑफिसात पंख्याखाली बसून मुलाखती पाडता येऊ लागल्या. डोंगरातल्या खेड्यातली बाई, तिची सासू, तिचा उसासा, मधेच ओरडणारं बकरं, सगळं जागच्या जागी. फक्त बाई नाही. अशा नसलेल्या बायांवर बेतलेला एक जाडजूड अहवाल थेट सरकारी योजनेपर्यंत पोचला, तेव्हा बोंब झाली. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांनी सांगून टाकलं, की शब्दांवर आमचा विश्वास उरला नाही. दोन माणसं एका खोलीत बसून बोलली याचा दुसरा काही पुरावा असेल तर आणा.

तो पुरावा शरीरात सापडला. दोन माणसं मनापासून बोलू लागली, की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. ते कमीजास्त होणंही दोघांचं बरोबरीनं होऊ लागतं. एकाच्या तळहाताला बारीक घाम सुटला, की पाठोपाठ दुसऱ्याच्या सुटतो. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं; आई आणि तान्हं मूल यांच्यात तर ते केव्हाच मोजून झालं होतं. नवं एवढंच, की ते आता मनगटावरच्या पट्टीत मावलं. एक पट्टी विचारणाऱ्याला, एक सांगणाऱ्याला. टॅबवर दोन रेघा चालतात आणि खाली शंभरापैकी एक आकडा येतो. त्या आकड्याला आम्ही 'जोड' म्हणतो. जोड साठाच्या खाली गेली की मुलाखत रद्द. फसवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. पण जिना चढून येऊन धापा टाकल्यानं ठोके वाढतात, जोड वाढत नाही.

आता गंमत अशी, की जोड दोघांची लागते. समोरची बाई ढसाढसा रडत असली आणि विचारणारा मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असला, तर आकडा तिशीत. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं, की संशोधकानं स्वतःला बाजूला ठेवावं. आता स्वतःला बाजूला ठेवणारा नापास होऊ लागला. मग प्रत्येकानं एकच युक्ती शोधून काढली. समोरच्यानं मन मोकळं करावं म्हणून आधी आपण आपलं एखादं दुखणं सांगायचं. आपला आवाज कापला की त्याचाही कापतो आणि रेघा जवळ येतात. या आपापल्या गोष्टीला ऑफिसात 'उघडणी' असं नावच पडलं. माझी उघडणी घटस्फोटाची. साधीच आहे, पास होण्यापुरती; कमी पडली तर लहानपण, आईवडील यांतलंही काहीतरी जोडायचो. चहाच्या वेळी आम्ही एकमेकांना सल्ले देत असू. "ठोसरजी, ते कोर्टाबाहेर तिनं तुम्हाला छत्री परत दिली ते आधी घ्या, तिथं तुमचा आवाज मस्त बसतो." यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटत नसे, मलाही नाही.

आमच्यात सगळ्यांत वरची शलाका उंबरकर. वय चाळिशीच्या अलीकडे, नागपुरात एकटी राहणारी, कामाला वाघ. तिची उघडणी आईच्या मरणाची होती आणि ती ऐकून दगडाला पाझर फुटावा अशी होती. नव्वदीला टेकलेली जोड मी तिच्या टॅबवर पाहिली आहे. आम्ही जोडीनं फील्डला जायचो, म्हणजे गाडी मी चालवायची, रेकॉर्डिंग मी सांभाळायचं आणि उघडायचं तिनं. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की कुठल्या वाक्यानंतर ती थांबणार आणि किती थांबणार हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

गेल्या वर्षापासून तिचा आकडा घसरू लागला. साठावर, मग पन्नासावर. समोरची माणसं पूर्वीसारखीच हेलावत होती. तिची रेघ मात्र सरळ चालायची. तिला वाटलं पट्टी बिघडली, म्हणून ती निखतकडे गेली. निखत देशमुख आमच्या केंद्राची मेंदूतज्ज्ञ. पट्ट्यांची देखभाल आणि आमची खरडपट्टी ही दोन्ही कामं तिच्याकडे.

"पट्टी ठणठणीत आहे," निखत म्हणाली. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही, शलाका. ती मेंदूतल्या पेशी एकमेकींना जिथं जोडल्या जातात तिथं असते. आपण आठवतो तेव्हा त्या जागा सैल होतात. काही तास ती आठवण कच्ची असते, भिजवलेल्या कणकेसारखी, आणि मग पुन्हा घट्ट बसते. दर वेळी असंच. ती कच्ची असताना तू शांत असशील, कामात असशील, तर ती थोडी शांत होऊन परत बसते. भयंकर काही सोसलेल्या माणसांवर डॉक्टर हाच उपाय करतात. तू तो स्वतःवर केलास, दोनशेएक वेळा, कुणी सांगितलं नसताना."

"म्हणजे दुःख कमी झालं. चांगलंच की," मी मधे तोंड घातलं.

निखतनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि कच्ची असताना आजूबाजूचं काहीबाही तिला चिकटतं. तू ती लोकांच्या घरात बसून काढतेस, त्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता. थोडे दिवस बंद कर."

"बंद करून साठ कुठून आणू?" शलाका म्हणाली. संचालकांनी तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की पुढच्या अभ्यासातही असंच झालं तर फील्ड बंद, खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या मुलाखती तपासायच्या. शलाकाला फील्डशिवाय दुसरं काहीच नव्हतं. लग्न केलं नव्हतं, मैत्रिणी मागं पडल्या होत्या आणि अमरावतीला एकटे राहणारे वडील होते, त्यांच्याशी दर रविवारी फोनवर नळाला पाणी आलं का, गुडघा कसा आहे, एवढंच बोलणं होई.

तो पुढचा अभ्यास होता अंजनगावचा. अंजनगाव म्हणजे विड्याच्या पानांचा गाव. बारी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथं नागवेलीचे मळे सांभाळले. शेवरीच्या झाडांच्या सावलीत वेल चढवायचा, मळ्यात चपला घालून जायचं नाही, पान खुडताना नखसुद्धा लागू द्यायचं नाही, अशी ती नाजूक शेती. उन्हाळा पन्नास अंशांवर जाऊ लागला तशी सावलीही पुरेना. आता पानं थंडगार बंदिस्त हॉलमधून येतात आणि अंजनगावात दुपारी उन्हाचा भोंगा वाजला की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मळे संपले त्या घरांत माणसं काय करतात, हे आम्हाला समजून घ्यायचं होतं.

पंचफुलाबाई येऊल साठीच्या पुढच्या. मळा काढल्यावर वर्षभरात नवरा गेला, मुलगा सुरतेला. घर झाडून लख्ख, पण बोलायला एकच बाई. पट्टी तिनं बांगड्यांच्या वर कौतुकानं बांधून घेतली.

"मळा काढला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मावशी?" शलाकानं विचारलं.

"काय वाटन माय. सुकला, काढला."

"आणि काका?"

"थे बी गेले. सांगाचं काय थ्याच्यात. चहा ठेवू काय?"

जोड चाळिशीच्याही खाली होती. मी शलाकाकडे पाहिलं. तिनं टॅब बाजूला सरकवला, पाठ ताठ केली, आवाज खाली आणला. मी ओळखलं, आता उघडणी.

"मावशी, मी अशीच एका खेड्यात बसले होते, तुमच्यासारख्याच एका मावशींकडे. आईचा फोन आला. मी कापला. परत आला, परत कापला. म्हटलं, संध्याकाळी करू." इथं ती थांबली. "बाबा गाडी आणायला धावले होते. आई घरात एकटी होती. पाणी मागत होती. माझं नाव घेत होती. पाणी द्यायला कुणी नव्हतं." इथं पुन्हा. "मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं."

पंचफुलाबाईची रेघ एकदम वर गेली आणि वरच राहिली. शलाकाची बाजारातून मीठ आणायला निघाल्यासारखी सरळ चालली होती.

पंचफुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "केव्हाची गोठ हाय थे?"

"सहा वर्षं झाली."

"अन् मले आज समजून रायलं. तुह्या बापाजोळ कोन हाय आता?"

"कुणी नाही. एकटेच असतात. अमरावतीला."

"अमरावतीले कुठीसा?"

"रुक्मिणीनगरात, पाण्याच्या टाकीमागं." शलाका टॅबकडे पाहत होती.

"जेवाचं कसं करते?"

"डबा लावून दिलाय."

"डबा," असं म्हणून पंचफुलाबाईंनी पट्टी सोडली आणि शलाकाच्या हातात ठेवली. "आज ऱ्हाऊ दे माय तुहं विचारनं. दुखाच्या घरची पोरगी माह्या घरी आली, अन् मी तिच्यासंगं मळ्याच्या गोठी करत बसू काय?" तिनं शलाकाच्या तोंडावरून हात फिरवला, आम्हाला चहा पाजला आणि मळ्याबद्दल अवाक्षरही बोलली नाही.

परतताना गाडीत शलाका एवढंच म्हणाली, "एकतीस." मी म्हटलं, चला, अजून बरीच घरं आहेत.

आम्ही दोघंही वऱ्हाडातले. कुणाचं माणूस गेलं की त्या घरी बसायला जायचं असतं हे आम्हाला शिकवायला नको होतं. बोलायचं काही नसतं. दारातून शिरता शिरता येणारी बाई गळा काढते, घरचं माणूस तिच्यासोबत रडतं, मग पाणी, मग चहा, मग जे सुचेल ते. उशिरा गेलं तरी चालतं. समजलं आणि गेलंच नाही, हे चालत नाही. पण मरणाची गोष्ट आम्ही इतकी वर्षं हत्यार म्हणून वापरली होती, की ती ऐकणाऱ्याच्या गळ्यात काही कर्तव्य पडत असेल हे आमच्या टाळक्यातच आलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी ऑफिसात शलाकाचा फोन वाजला. वडिलांचा. ते कधी दिवसा फोन करत नसत.

"कोण आलं?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "हो बाबा, मीच सांगितलं होतं त्यांना... नाही, कामाचा भाग म्हणून... नाही बाबा, तसं नाही..." तिचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बाबा विचारताहेत, मग मी कुठं होतो? ठोसरजी, गाडी काढता का?"

विलासराव उंबरकर वीज कंपनीच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेले. शिडशिडीत, मोजकं बोलणारे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी दार उघडलं, आम्हाला पाणी दिलं, माझी ओळख करून घेतली. टेबलावर स्टीलचा एक मोठा डबा होता, त्यात भाकरी आणि झुणका अजून उरला होता. तो त्यांच्या नेहमीच्या डब्यातला नव्हता हे दिसतच होतं.

"सकाळी बेल वाजली," ते म्हणाले. "दारात बाई. म्हणे, शलाकाचं घर हेच काय? मी हो म्हटलं. तर तिनं चपला काढल्या, आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि गळाच काढला. वाटलं, तुझंच काही झालं."

शलाका मान खाली घालून ऐकत होती.

"मग समजलं, तुझ्या आईसाठी आली. सहा वर्षांनी. मी म्हटलं, बाई, तुम्ही ओळखत होत्या का तिला? म्हणे, नाई, पन मले आत्ता समजलं, मंग मी आत्ता आली. तिच्यासोबत मीही रडलो. तेरवीनंतर पहिल्यांदा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

"बाबा, मी..."

"मग ती बोलायला लागली. बाई पाणी मागत गेली म्हणे. एकटी गेली म्हणे. आता ती अंजनगावाहून बस करून आलेली, तिला काय खोटं पाडू? मी हो हो म्हणत राहिलो." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "शलू, मी होतो ना तिथं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"तुम्ही गाडी आणायला गेला होता, बाबा."

"कोणती गाडी? अँब्युलन्स शेजारच्या गुल्हानेनं बोलावली. मी जागचा हललो नाही. आणि पाणी तिनं मागितलं नाही, काहीच मागितलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू मला त्या घरातूनच काढून टाकलं. लोकांना सांगताना तू मला बाहेर पाठवून दिलं."

शलाका माझ्याकडे वळली. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. मोर्शीला एका संत्र्याच्या बागेत एक म्हातारा आम्हाला भेटला होता. बायको अत्यवस्थ झाली, तो गाडी आणायला धावला, आणि ती मागं एकटीच पाणी मागत गेली, असं हाका ऐकून उशिरा पोचलेल्या शेजारणीनं त्याला सांगितलं होतं. त्याच बैठकीत शलाकानं आपल्या आईचं सांगितलं होतं. मी शेजारीच बसलो होतो आणि मला एवढ्या वर्षांत ते जाणवलंही नव्हतं.

"मोर्शी?" तिनं विचारलं.

"मोर्शी," मी म्हणालो. विलासरावांना त्यातलं काही कळलं नाही.

"पण फोन?" ती वडिलांकडे वळली. तिच्या आवाजात पहिल्यांदा घाई होती. "फोन तर मी कापलाच होता. दोनदा. ते तरी माझंच आहे ना, बाबा?" ती त्या गुन्ह्यावर असा हक्क सांगत होती, की मला तिच्याकडे बघवेना.

"कापला होतास. पण आदल्या दिवशी, आणि एकदाच. मग रात्री तूच केला. अर्धा तास बोलून राहिल्या होत्या दोघी. ती बाल्कनीत जाऊन बसली, मी जेवायचा थांबलो होतो. मोठमोठ्यानं हसून राहिली होती."

"काय बोललो आम्ही?"

"ते मला कसं माहीत असेल? तुमचं दोघींचं होतं ते."

शलाका आठवू लागली. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत, तो माझा धंदाच आहे. आधी डोळे इकडेतिकडे फिरतात, मग कुठंतरी थांबतात आणि ओठ हलतात. तिचे डोळे कुठंच थांबले नाहीत.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "ती कशावर हसली, मी काय म्हटलं, काहीच नाही. तो फोन झाला होता हेच मला आठवत नाही, बाबा."

इतकी वर्षं तिनं नसलेला अपराध वाहिला होता, तो आता उतरला. पण त्या अपराधानं ज्या जागेवर ठाण मांडलं होतं, तिथं आईशी झालेलं शेवटचं बोलणं होतं, आणि ते त्याच्या खाली कधीच पुसून गेलं होतं. ते माहीत असलेली दुसरी व्यक्ती आता जगात नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"आणि मला रडू येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आत्ता वाटत असेल, ही रडेल. मलाही वाटतंय रडावं. पण कुणाच्या तरी आईबद्दल ऐकल्यासारखं वाटतंय, बाबा. माझ्या आईबद्दल नाही. हे बरेच दिवस असंच आहे."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दोनशे घरांत जाऊन स्वतःला उघडून दाखवणारी बाई खरी उघडी पडली ती या घरात, आणि ते दाखवायला तिच्याजवळ एकही तयार वाक्य नव्हतं. मी उठून जायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, मी ऐकत बसून राहिलो.

विलासरावांनी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. आमच्याकडे वडील तसं करत नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"त्या बाईला मी त्या सकाळचं काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं. तुझ्या मावश्यांना नाही, गुल्हानेला नाही. तू विचारशील, तेव्हा तुला सांगू म्हणून ठेवलं होतं. तू विचारलंच नाही."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल."

"होईल ना," ते म्हणाले.

मग त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. ऑफिसातून तशीच उठून आल्यामुळे पट्टी हातात राहिली होती. "ते काय आहे?"

"कामाचं आहे. समोरच्याशी किती जुळतंय ते मोजतं."

"काढ ते," विलासराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ठोसर साहेब, राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी उठलो. चपला घालताना मला शलाकाचा आवाज ऐकू आला. "त्या दिवशी सकाळी काय झालं, बाबा?" हा प्रश्न तिनं आयुष्यात हजारदा विचारला असेल, पण असा अडखळत विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मी दार ओढून घेतलं.

बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत गाडी होती, तिच्यात जाऊन बसलो. घराच्या खिडक्या उन्हामुळे बंद. आतून एक शब्दही बाहेर येत नव्हता. एकदा वाटलं, दाराशी जाऊन कान द्यावा. खोटं सांगत नाही, मी गाडीतून उतरलोही. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. अंधारून येईपर्यंत तसाच बसून होतो. समोरच्या घरातल्या बाईनं दोनदा डोकावून पाहिलं, हा कोण माणूस म्हणून.

शलाका बाहेर आली तेव्हा विलासराव फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि तिला म्हणाले, "डबा त्या बाईंचा आहे. मी धुऊन ठेवतो. रविवारी येशील तेव्हा आपण दोघं नेऊन देऊ." ती हो म्हणाली.

आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. मग माझ्यानं राहवेना.

"मग? काय सांगितलं बाबांनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पाठ ताठ झाली, आवाज बसवण्यासाठी तिनं श्वास घेतला, सगळं नेहमीसारखं. पहिलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आणि ती थांबली. हे थांबणं मला पाठ नव्हतं.

"नाही, ठोसरजी," ती म्हणाली. "हे मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही."

एवढं बोलली आणि तिचा धीर सुटला. ती रडू लागली. फील्डवर डोळ्यांच्या कडा ओलावायच्या तसं नाही. गळा काढून, हेल काढून, एखाद्या खेड्यातल्या बाईनं मैताच्या दारात रडावं तसं. नांदगाव पेठेच्या अलीकडे मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दिवे बंद केले. विलासरावांनी तिला काय सांगितलं ते मला आजही ठाऊक नाही. तिनं ते कुणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून फील्ड सोडलं, तेव्हा संचालकांनी कारण विचारलं, त्यांनाही नाही.

पण त्या संध्याकाळी ती शेजारी बसून रडत होती आणि तिला एकटं रडू द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. पंचफुलाबाई असती तर तिच्यासोबत रडली असती. मला ते जमणारं नव्हतं. निदान आपलं काहीतरी खरं तिच्याजवळ ठेवावं, असं काहीतरी जे मी अजून कुठल्याच घरात सांगितलेलं नाही, म्हणून मी शोधू लागलो. लग्नाचं आठवून पाहिलं, लहानपणाचं पाहिलं, आईचं, वडिलांचं. प्रत्येक ठिकाणी माझाच बसवलेला आवाज ऐकू आला. ती शांत होईपर्यंत मी शोधत होतो. काही सापडलं नाही, म्हणून मी तिला पाण्याची बाटली दिली आणि गाडी सुरू केली.